टाचदुखीसाठी मायोफेशियल रिलीज: उपचार कामाचा, पण एकटा पुरत नाही

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही, थोडं चाललं की बरं वाटतं, आणि दिवसभर उभं राहिलं की पुन्हा ठणका. प्लांटर फॅशिआयटिसच्या, म्हणजे तळव्यातला टाचेपासून बोटांकडे जाणारा चिवट पट्टा (फॅशिया) दुखावल्याच्या, या दुखण्यावर हल्ली अनेक फिजिओथेरपी केंद्रांत मायोफेशियल रिलीज, म्हणजे स्नायू आणि त्यांच्याभोवतीच्या फॅशियावर हाताने सावकाश दाब देण्याचा उपचार, सुचवतात. उपचार कामाचा आहे. मात्र तो नीट दिला जातोय का, हे पेशंटला ओळखता यायला हवं.

चांगलं सेशन घोटा किती वाकतो याच्या मापाने सुरू होतं. पाऊल भिंतीसमोर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर मागे नेता येतो ते मोजायचं. दोन्ही पायांचं, आणि सेशननंतर पुन्हा.

मग पालथं झोपवून पावलं टेबलाच्या कडेबाहेर. सुरुवात पोटरीपासून हवी, कारण ती आखडलेली असली की चालताना घोटा पुरेसा वाकत नाही आणि ताण तळव्यावर येतो. थेट टाचेच्या दुखऱ्या जागी अंगठा रोवणारे इथेच चुकतात. तेल नको, हात घसरला की नुसती मालिश होते. बोटांची पेरं किंवा कोपर टेकवून हळूहळू वजन द्यायचं, अडसर जाणवला की तिथेच थांबायचं, एका जागी दीड-दोन मिनिटं, कधी पाचपर्यंत. भराभर जागा बदलणाऱ्या हातातून फारसं काही मिळत नाही. पेशंट श्वास रोखत असेल, पाय आखडून घेत असेल, तर दाब जास्त होतोय. काळंनिळं पडणं ही चांगल्या उपचाराची खूण अजिबात नव्हे.

'चिकटलेलं फॅशिया सोडवतो' हा दावा मात्र पटत नाही. तळव्याचं फॅशिया फार चिवट असतं. ते १ टक्का दाबायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचं बळ लागेल, असं २००८ मधल्या एका गणिती अभ्यासात दिसलं. आराम पडतो तो बहुधा मज्जासंस्था स्नायूंचा ताण आणि वेदना उतरवते म्हणून. व्यायामाची जोड नसेल तर तो फार टिकत नाही.

त्यासाठी सकाळी पाऊल टेकण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरायची, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. आणि एक दिवसाआड पायरीवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच उचलायची: ३ सेकंद वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंद खाली, १२-१२ चे तीन सेट. हे न शिकवता दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारत असतील, तर पैसे भरू नका.

टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची, शंका घ्यावी. तळव्याला मुंग्या किंवा जळजळ असेल तर नस दबल्याची. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला हात न लावता आधी डॉक्टर गाठावा, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थेरपिस्टला आधीच सांगा, आणि त्याने स्वतःहून विचारलं नाही तर तिथे उपचार घेऊ नका.