सांत्वनाचे तयार संदेश: एका मोबाइल अ‍ॅपचा दहा दिवसांचा अनुभव

माझे सावत्र वडील नाशिकला असतात. आईशी त्यांचे लग्न झाले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पहिल्या दिवशी त्यांना ‘काका’ म्हटले आणि ते काकाच राहिले. गेल्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ गेले. बेंगळुरूहून मला लगेच निघता येईना आणि फोनवर काय बोलावे हे सुचेना, म्हणून मराठी शोकसंदेशांचे एक मोफत अ‍ॅप घेतले आणि सुतकाचे दहाही दिवस वापरून पाहिले.

अ‍ॅपमध्ये आई, वडील, भाऊ, मित्र, सहकारी असे विभाग आहेत. मी साहजिकच ‘वडील’ उघडले, तर प्रत्येक संदेश ‘आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता ऐकून’ असा सुरू होणारा. विभाग कोण गेले त्यावरून केलेले आहेत. ज्याचे सांत्वन करायचे तो आपला कोण लागतो, हे कुठेही विचारलेले नाही. माझ्या दृष्टीने ही या अ‍ॅपची सर्वांत मोठी उणीव आहे. ‘भाऊ’ विभागातला संदेश भाषेने निर्दोष होता, पण ‘आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’ हे वाक्य उंबरठ्याबाहेर उभे राहून बोलल्यासारखे वाटते. शेजाऱ्याने ते लिहावे. मी लिहिले असते, तर इतक्या वर्षांत जे अंतर आम्ही दोघांनी हळूहळू कमी केले, ते एका ओळीत परत आले असते.

दुसरी गफलत श्रद्धांजली आणि सांत्वन यांची आहे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गेलेल्या माणसाला वाहतात, सांत्वन मागे राहिलेल्याचे करतात. अ‍ॅपमधले निम्म्याहून अधिक संदेश पहिल्या प्रकारचे आहेत, आणि तेही दिवा व फुलांच्या चित्रांवर छापलेले, खाली अ‍ॅपचे नाव. निवडलेले प्रत्येक चित्र फोनच्या गॅलरीत जाऊन बसते. पूर्वी निधनाचे पत्र वाचून झाले की फाडून टाकत, घरात ठेवत नसत, हे आठवून मी रोज रात्री ती चित्रे पुसत होते. संदेशांच्या मधोमध येणाऱ्या कपड्यांच्या सेलच्या जाहिराती मात्र असह्य आहेत. निदान या अ‍ॅपमध्ये तरी त्या नकोत.

तरुणांसाठी वेगळा विभाग आहे आणि माझी खरी अपेक्षा त्याच्याकडून होती. ‘स्ट्राँग राहा’, ‘आरआयपी’, तुटलेले हृदय, असा बराच मजकूर तिथे आहे. ज्या माणसाने आदल्या दिवशी भावाला खांदा दिला, त्याला स्ट्राँग राहायला सांगण्याचा मला अधिकार आहे असे वाटले नाही. पण याच विभागाच्या तळाशी दोन-तीन अगदी साध्या ओळी सापडल्या आणि त्यांच्यासाठी मी या अ‍ॅपची ऋणी आहे. त्यांतली एक होती, ‘रिप्लाय नाही दिलास तरी चालेल.’ ‘दिलास’चे ‘दिलात’ केले, पुढे आमच्या घरची रोजची चौकशी जोडली आणि तिसऱ्या दिवशी पाठवले: ‘काका, जेवलात का? रिप्लाय नाही दिलात तरी चालेल.’ रात्री उशिरा उत्तर आले, ‘जेवलो. शेजारच्यांनी पिठलं-भात दिला होता.’

त्यानंतर मी रोज एकच ओळ पाठवत राहिले. लांब मजकुराला तसेच लांब उत्तर द्यावे लागते आणि भेटायला येणाऱ्यांनी घर भरलेले असताना ते ओझे होते. एका ओळीला ‘हो’ पुरते. वयाने लहान असलेल्याने मोठ्यांशी असे सैल बोलावे का, ही शंका मलाही होती, पण ‘काका’ ही हाक आणि ‘तुम्ही’ कायम ठेवले तर साधेपणात अनादर राहत नाही. ही दुरुस्ती प्रत्येक वेळी स्वतः करावी लागते, कारण अ‍ॅप एक तर ‘आपण’ म्हणते, नाही तर थेट ‘तू’.

दहाव्या दिवशी काकांनी रामकुंडावरून आवाजी संदेश पाठवला. मागे बरीच गर्दी ऐकू येत होती. ‘कावळा शिवला गं,’ एवढेच ते बोलले. त्याला काय उत्तर द्यावे हे अ‍ॅपमध्ये शोधावेसेही वाटले नाही. मी लिहिले, ‘बरं झालं, काका. घरी पोचलात की मी फोन करते.’