विज्ञानकथेसाठी मागवलेली एअरोजेलची चकती: माझा अनुभव (४ स्टार)

दिवाळी अंकासाठी बुध ग्रहावरच्या वसाहतीची गोष्ट लिहितेय. तिथे दिवसा ४३० डिग्री, रात्री उणे १८०, मग घरांच्या भिंती कशाच्या करायच्या? मी 'धुकवीट' नावाचा पदार्थ तयार केला, हलका, आरपार दिसणारा, उष्णता अडवणारा, वर कधीच न तुटणारा. मैत्रिणीला वाचायला दिलं तर म्हणाली, अगं ही भिंतच सगळं करतेय, मग माणसांनी काय करायचं? ते लागलंच मनाला. म्हटलं असा एखादा खरा पदार्थ आधी हातात घेऊन बघू, म्हणून ऑनलाइन सिलिका एअरोजेलची (काचेसारख्या सिलिकाची बारीक जाळी आणि आत बहुतेक हवाच, असा अतिशय हलका घन पदार्थ) चकती मागवली.

डबी उघडली तर आधी वाटलं रिकामीच आलीय. नीट बघितलं तर काळ्या स्पंजवर निळसर धुराचा तुकडा ठेवल्यासारखं काहीतरी, आणि तेच खिडकीसमोर धरलं की पिवळसर दिसतं, आकाश निळं आणि मावळता सूर्य तांबूस दिसतो तसाच प्रकार. वजन लागतच नाही. बोटांना बत्ताशासारखं वाटतं, आणि त्वचेतला ओलावा ओढून घेतं त्यामुळे बोटं खडू धरल्यासारखी कोरडी पडतात (ग्लोव्हज घालाच).

पापड भाजायच्या जाळीवर चकती, खाली मेणबत्ती, वर फॉइलवर चॉकलेटचा तुकडा. दोन मिनिटं झाली तरी चॉकलेट जसंच्या तसं! आतली छिद्रं इतकी बारीक असतात की हवेच्या रेणूंना एकमेकांवर आपटायलाही पुरेशी जागा मिळत नाही, मग उष्णता पुढे जाणार कशी. १९३१ साली सॅम्युअल किस्टलरने जेलमधला द्रव, जेल आकसू न देता काढून घेतला आणि त्या जागी हवा भरली, तिथून हे सुरू झालं. २००४ मध्ये नासाच्या स्टारडस्ट यानाने विल्ट-२ धूमकेतूची सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने येणारी धूळ यातच पकडली, आणि हेच बोटाने जरा दाबलं की तुकडे पडतात!

माझी चकती कोपरा तुटूनच आली होती, पॅकिंग चांगलं नव्हतं, विक्रेत्याने बदलून पण दिली नाही म्हणून एक स्टार कापला. पण त्या तुटक्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो भाग डोळ्यांदेखत आकसून तडकला. पाणी छिद्रांत शिरलं की त्याच्या पृष्ठताणानेच आतली जाळी ओढली जाऊन कोसळते. मी तिथेच वही उघडली.

आता माझी धुकवीट ऊन अडवते पण ओलावा तिला चालत नाही. त्यामुळे वसाहतीत भात शिजवायचा तर परवानगी लागते, न्हाणीघर मधोमध, भिंतींपासून लांब, आणि लहान मूल भिंतीपाशी रडायला लागलं की आजी आधी त्याला उचलून आत नेते. गुण वाढवत बसले होते तेव्हा यातलं काहीच सुचत नव्हतं, पदार्थाला एक खरीखुरी खोड दिली आणि त्या घरात राहणारी माणसं दिसायला लागली.

लेखनासाठी घेणार असाल तर घेण्याआधी विक्रेत्याला विचारा, पाणी न शोषणारा प्रकार पण मिळतो, त्यावर थेंब नुसता घरंगळतो. मला साधाच हवा होता, आणि जाहिरातीत कुठला ते लिहिलेलंच नव्हतं.