पोलीस ठाणं की थेट न्यायालय?

फौजदारी खटला उभा करायचा तर सामान्य माणसापुढे मुख्य वाटा दोन: पोलिसांत एफआयआर, नाहीतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद. १ जुलै २०२४ पासून दोन्हींची रीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सापडते. यातली कुठली धरायची हे बरंचसं पुरावा कुठे आहे यावर ठरतं.

कॉल रेकॉर्ड, बँक खात्यांचे उतारे, समोरच्याने दडवलेले कागद बाहेर काढायचे असतील तर पोलीसच हवेत. झडती-जप्तीचे अधिकार तुमच्या वकिलाला नाहीत. गुन्हा दखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकतात असा) असला की कलम १७३ खाली कुठल्याही ठाण्याने, हद्द न बघता, माहिती नोंदवायची असते. प्रत मोफत मिळते आणि खटला सरकारी वकील चालवतो. फक्त तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी होऊ शकते. पण सूत्रं तुमच्या हाती राहत नाहीत. दोषारोपपत्राऐवजी न्यायालयात तपास बंद करण्याचा अहवाल, म्हणजे ‘बी समरी’ (तक्रार खोटी) किंवा ‘सी समरी’ (गैरसमज, दिवाणी वाद) गेली, तर न्यायालयात त्याविरुद्ध भांडावं लागतं.

ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही.

सगळे कागद, साक्षीदार तुमच्याचकडे असतील तर कलम २२३ ची खाजगी फिर्याद बरी. अब्रुनुकसानी आणि चेक बाउन्सला तर हीच वाट आहे. चेकमध्ये मुदती कडक: बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. एरवीच्या फिर्यादीत तुमचा शपथेवर जबाब होतो, शिवाय दखल घेण्याआधी आरोपीलाही ऐकलं जातं, म्हणजे तो आधीच सावध होतो. वकिलाची फी तुमची, तारखाही तुमच्या. समन्स खटल्यात (कमाल दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत) गैरहजर राहिलात तर आरोपी सुटूही शकतो.

गुन्हा दखलपात्र, पण ठाणेदार ढिम्म? मग मी लगेच खाजगी फिर्यादीकडे वळणार नाही. आधी पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आदेश मिळाला तर तपास पोलिसांनाच करावा लागतो. अधीक्षकांकडे तक्रार पोचल्याची पावती अर्जाला जोडा. ती पायरी गाळली तर अर्ज तिथेच अडकतो.