पॅनडॉक: आप्पांच्या बागेच्या वह्या आणि रुसलेली वेलांटी

आप्पांनी द्राक्षबागेच्या नोंदी अकरा वह्यांत लिहून ठेवल्यात. खरड छाटणी कधी घेतली, गोड छाटणी कधी, कोणत्या पावसात डावणी (बुरशीचा रोग) आली, डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, किती बाया होत्या आणि काय रोज दिला. निफाडच्या घरचं कपाट आवरताना त्या वह्या रद्दीत जाता जाता वाचल्या, आणि याचं पुस्तक करायचं मी मनावर घेतलं. विकायला नव्हे, भावकीसाठी. पंचवीस प्रती.

वर्षभर रविवारी बसून मजकूर साध्या नोटपॅडमध्ये टाइप केला. एका डीटीपीवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, युनिकोड आमच्या पेजमेकरात चालत नाही, सगळं परत टाइप करावं लागेल." पानामागे दरही सांगितला. मी तशीच परत आले.

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते ती रिपोर्ट काढण्यापुरती. ऑफिसातल्या एका पोरानं पॅनडॉक सुचवलं, साध्या मजकुराचं ई-पुस्तक, पीडीएफ किंवा वर्डची फाइल करून देणारं सॉफ्टवेअर. बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली ते बाहेर आणलं, हॅस्केल भाषेत लिहिलेलं आहे, आणि फुकट आहे. मी ते पायथनमधून, पायपॅनडॉक या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संचातून वापरलं. (आप्पांना सांगितलं की लायब्ररीनं पुस्तक करतेय, तर त्यांना वाटलं सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, कुणी ओळखीचं भेटलं. १८४० पासूनचं वाचनालय, त्यामुळे त्यांचा विश्वास लगेच बसला.) पायपॅनडॉक-बायनरी हे पॅकेज घेतलं तर पॅनडॉक त्याच्यासोबतच येतं.

लिहायची पद्धत सोपी आहे. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश (#) दिला की प्रकरण, दोन दिले की उपशीर्षक. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे (**) दिले की तो ठळक. वर चार ओळींत पुस्तकाचं नाव, लेखक आणि भाषा 'एमआर', म्हणजे मराठी. एवढ्यावर ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, पहिल्याच दिवशी तयार झालं. प्रत्येक प्रकरण वेगळं, अनुक्रमणिका आपोआप. मोबाइलवर उघडलं, एकही अक्षर हललेलं नव्हतं. पुण्याच्या आत्याला लगेच पाठवलं.

खरी परीक्षा पीडीएफची. पॅनडॉक स्वतः पीडीएफ बनवत नाही, ते काम लाटेक या पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवतं आणि लाटेक वेगळं बसवावं लागतं. ते डाउनलोड मोठं आहे, रात्री लावून झोपले. आपणहून पॅनडॉक लाटेकचं पीडीएफलाटेक हे इंजिन वापरतं, आणि ते देवनागरीच्या पहिल्याच अक्षराला अडून बसतं. इंजिन बदलून झीलाटेक केलं. पुस्तक तयार झालं, पण नव्वद पानं कोरी! पानांवर फक्त पूर्णविराम, स्वल्पविराम आणि मी चुकून इंग्रजीत टाइप केलेले आकडे. कारण नेहमीच्या फॉन्टात देवनागरीच नसते. इशारे पडद्यावर येऊन गेले होते, मी वाचले नव्हते.

मग नोटो सेरिफ देवनागरी हा फॉन्ट दिला. अक्षरं आली, पण 'छाटणी'ची दुसरी वेलांटी ठीक आणि 'मिश्रण'ची पहिली वेलांटी म नंतर जाऊन उभी. 'द्राक्ष'चे तर पाय मोडून तुकडे. दोन संध्याकाळी यात गेल्या. उपाय एका ओळीचा निघाला: फॉन्टच्या पर्यायांत 'स्क्रिप्ट=देवनागरी' लिहायचं. लिपी सांगितल्याशिवाय झीलाटेक जोडाक्षरं जोडत नाही आणि वेलांटी जागेवर नेत नाही. सोबत 'लँग्वेज=मराठी'ही लिहा, काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श त्याशिवाय येत नाहीत. मराठी माणसासाठी ही गोष्ट पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी होती. याचा मला अजून राग आहे.

तक्त्यांनी दुसरा त्रास दिला. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचा तक्ता (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर) छान बसला, पण फवारणीचा लांब तक्ता पानाबाहेर निघून गेला. गंमत अशी, की उभ्या रेघांच्या तक्त्यात एक तरी ओळ ७२ अक्षरांपेक्षा लांब असेल तरच पॅनडॉक मजकूर रकान्यात मोडून बसवतं. तेव्हा रकान्यांची रुंदी मथळ्याखालच्या डॅशांच्या संख्येवरून ठरते. डॅश मोजून तक्ते दुरुस्त करणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, पण एकदा कळलं की जमतं.

सगळ्यात आवडलं ते तपासणीच्या वेळी. काकांना फक्त वर्ड येतं. त्याच फाइलीतून वर्डची फाइल काढून त्यांना दिली, त्यांनी ट्रॅक चेंजेस लावून लाल केली, आणि पॅनडॉकनं ती फाइल त्यांच्या दुरुस्त्यांसकट परत वाचली. काकांनी आप्पांच्या २००९ च्या अवकाळीच्या नोंदीशेजारी "हे खोटं आहे, नुकसान माझ्या बागेचं जास्त झालं होतं" असं लिहिलंय. ते तसंच तळटीप म्हणून ठेवलं.

पानाचा आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, जॉमेट्रीच्या, म्हणजे पानाची मापं सांगायच्या, ओळीत टाकला. छापणाऱ्यानं पीडीएफ काही न बोलता घेतली.

पॅनडॉकला पाचपैकी चार तारे. उरलेला एक त्या दोन संध्याकाळींचा.

नमुना प्रत आप्पांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी सरळ बोर्डोचं पान काढलं, मोरचुदाचं प्रमाण तपासलं आणि म्हणाले, "बाकी बरोबर आहे गं, पण अक्षरं बारीक." आता अक्षर १४ पॉइंट करतेय. नुसता आकडा बदलून चालत नाही, लाटेकच्या नेहमीच्या वर्गात (पुस्तकाच्या साच्यात) १२ च्या पुढे जाता येत नाही, त्यासाठी एक्स्टबुक हा वर्ग लावावा लागतो. पानं ११२ ची १४८ झालीत. बाइंडिंगवाल्याला फोन करायचाय.