कोरड्या माळावर सर्व्हे: पायी शोध की पुरलेल्या बादल्या?

सरडे, साप, बेडूक शोधून मोजणाऱ्या कोल्हापूरच्या मंडळींचा हात बसलेला असतो तो दाजीपूर-आंबोलीच्या ओल्या रानावर. तिथं ओढ्याकाठी तासभर बॅटरी मारली की वहीचं पान भरतं. सागरेश्वरच्या मुरमाड उतारावर किंवा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तीच पद्धत नेली, तर मे महिन्यात दुपारभर हिंडूनही चार सरडे दिसतील. प्राणी असतात, पण दगडाखाली, बिळात, जमिनीत. म्हणून जाण्याआधीच ठरवावं लागतं, की आपण त्यांच्यामागे जायचं की ते आपल्याकडे येतील अशी सोय करायची.

पायी शोधाचं गणित सोपं आहे. चार माणसं, एक तास, म्हणजे चार मनुष्य-तास. दिसलेले प्राणी त्याने भागायचे. वेळ मात्र काटेकोर हवी: उन्हाळ्यात सकाळी साधारण आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते सहा आणि रात्री सात ते दहा. फॅन-थ्रोटेड सरड्याचे नर एप्रिल-मेमध्ये उंच दगडावर बसून गळ्याचा पंखा फुलवतात, ते दुर्बिणीतून लांबूनच मोजता येतात. पाली, सापसुरळ्या आणि फुरसं दगडाखाली सापडतात. दगड हाताने उचलू नका. आकड्याने आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते आणि मध्ये दगडाची आड मिळते. नंतर तो होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवा. उलटा पडलेला दगड म्हणजे एक मोडलेलं घर. आणि कोल्हापुरी चप्पल गाडीतच राहू दे. फुरशाच्या माळावर घोट्याच्या वरपर्यंत बूट हवेत.

या पद्धतीची खरी अडचण माणसं. सरावलेल्या डोळ्याला जिथं तीन पाली दिसतात, तिथं नवख्याला एकही दिसत नाही, आणि रात्री कोळ्यांचे डोळे चमकले की तो बेडूक म्हणून धावतो. त्यामुळे दर फेरीत माणसं बदलली तर आकड्यांची तुलना संपली. घनता हवी असेल तर दहा बाय दहा मीटरचे चौकोन दोरीने आखून कडेकडून आत या. मधून सुरुवात केली तर प्राणी बाहेर पळून जातात. प्रत्येक फेरीला हवेचं आणि जमिनीचं तापमान, आर्द्रता, ढग आणि शेवटचा पाऊस कधी झाला हे लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कमी आकडा का आला ते सांगता येणार नाही.

आता बादल्या. वीस लिटरची प्लास्टिक बादली जमिनीत पुरायची, तिचा काठ जमिनीच्या बरोबर पातळीत, म्हणजे चालता प्राणी आत पडतो. बोटभर वर राहिला की सरडा वळसा घालून जातो. रंगाचे रिकामे डबे स्वस्त मिळतात, पण वास जाईपर्यंत घासून धुवा. बादल्यांच्या मधून कुंपण, म्हणजे अडलेला प्राणी त्याच्या कडेने चालत बादलीकडे येतो. ते दोन फूट रुंद पट्टीतलं चार-पाच इंच जमिनीत गाडलेलं. शेडनेट वापरू नका, त्याच्या जाळीवर सरडे सहज चढतात. जुन्या डिजिटल बोर्डाचं फ्लेक्स गुळगुळीत असतं, आणि कोल्हापुरात जुन्या बोर्डांना तोटा नाही. दर मीटर-सव्वा मीटरला खुंटी ठोका, माळावरचा वारा कुंपण लोळवतो.

बादल्यांचं बळ पहिल्या पावसात कळतं. जमिनीत राहणाऱ्या बेडकांच्या मागच्या पायाच्या तळव्यावर फावड्यासारखा टणक उंचवटा असतो. त्याने ते मागे मागे सरकत मातीत उतरतात आणि वर्षाचा मोठा काळ तिथंच काढतात. पायी शोधात हे जवळपास हुकतात. वळवाच्या एका रात्रीत मात्र तेच बादलीत येऊन पडलेले असतात. पाली भिंतीवरून चढून जातात, मोठे साप सहज बाहेर पडतात, म्हणजे त्यांच्यासाठी ही पद्धत कुचकामी.

पण मरतात ते इथंच. उन्हात बादली तापते, मुंग्या अडकलेल्या सापसुरळीला जिवंत खातात, जोराच्या सरीत बादली भरते. म्हणून बुडाला बारीक भोकं, आत ओला स्पंज आणि लपायला खापराचा तुकडा. आणि पहाटे व संध्याकाळी तपासणी, एकही चुकवायची नाही. मुंगसाला जागा कळली तर तुमच्याआधी तोच फेरी मारतो. मुरमात पहार चालवून चार बादल्यांची एक ओळ बसवायला चांगला दिवस जातो, आणि कातळावर तर खणताच येत नाही.

आमचा कौल असा: कोल्हापूरहून शनिवार-रविवार ये-जा करणाऱ्या गटाने पायी शोधच धरावा, जोडीला जुनी मंगलोरी कौलं माळावर अंथरून ठेवावीत. पत्रा नको, तो भाजतो. कौलं महिना-दीड महिना मुरू द्या, मग उचलून पाहा. बेडकांसाठी पहिल्या पावसाच्या रात्री आवाज नोंदवणारं यंत्र लावा. बादल्या फक्त दोनच गोष्टी जुळल्या तर: प्रश्न जमिनीत राहणाऱ्या प्राण्यांचा आहे, आणि जागेवर मुक्कामाला माणूस आहे.

परवानगीतही फरक पडतो. अभयारण्यात अभ्यासाला वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 28 खाली परवाना लागतोच. बादलीत प्राणी पकडणं म्हणजे त्यावर कलम 12 ची वेगळी परवानगी. अर्ज पावसाळ्याच्या कितीतरी आधी करा. दाजीपूरहून आलेले बूट घासून, ब्लीचच्या पाण्यातून काढून, पूर्ण वाळवूनच इकडे आणा. बेडकांच्या कातडीची बुरशी चिखलातून प्रवास करते. सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटी-व्हेनम) जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे ते आधी विचारून ठेवा, दंश झाल्यावर कोल्हापूर गाठायच्या नादात वेळ जातो.

बादल्या लावल्याच, तर दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात घट्ट झाकण आणि वर दगड. हंगाम संपला की त्या उपटा आणि खड्डे भरा. झाकण उडालेली विसरलेली बादली वर्षभर प्राणी मारत राहते.