९५ ऑक्टेनचे पेट्रोल आणि टर्बो नसलेले इंजिन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दहिसर ते वांद्रे-कुर्ला संकुल असा रोजचा प्रवास असलेल्या माझ्या गाडीत गेले काही महिने मी केवळ ९५ ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल भरले. इंजिन १.२ लिटरचे, टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले. पिकअप वाढला नाही. ॲव्हरेज टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या पद्धतीने मोजले. जो फरक दिसला, तेवढा फरक वाहतूक आणि एसीच्या वापरामुळेही पडतो.

ऑक्टेन हा पेट्रोलमधील ऊर्जेचा आकडा नाही. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढल्यावरही, ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी पेट्रोल आपोआप पेट घेऊ नये, ही त्याची क्षमता या आकड्याने कळते. आयसोऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी बनवली आहे. ज्या इंजिनाला ९१ पुरते, त्यात नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचे असे अवेळी पेटणे, मुळात होतच नाही, मग ते टाळून ताकद वाढणार तरी कशी? त्यातही पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या संध्याकाळच्या रांगेत इंजिनावर फारसा भार नसतो.

बोरघाटात मात्र गोष्ट वेगळी. मेव्हण्याच्या टर्बो गाडीत १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरून, भर मे महिन्यात, माणसे आणि सामान घेऊन आम्ही घाट चढलो, तेव्हा गाडीची ओढ नेहमीपेक्षा एकसारखी वाटली. अशा चढावर नॉक सेन्सरला नॉकिंगची चाहूल लागली, की ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते; वरच्या ऑक्टेनमुळे ती वेळ कमी येते.

दरातील फरकाचा विचार करताना ई२० विसरता येणार नाही. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१ होते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० साठी भारतीय मानक ब्युरोने ते ९५ ठेवले आहे, कारण इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०० च्याही वर असते. (लिटरमागे ऊर्जा मात्र पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच.) म्हणजे साधे पेट्रोलच ९५ चे मिळत असताना, लिटरमागे जादा रुपये मोजून हाती उरतात ती मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायने, आणि त्यांचा परिणाम काही महिन्यांत जोखता येत नाही.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत किमान ९१ ऑक्टेन लिहिले आहे, त्यामुळे मी पुन्हा साधे पेट्रोल भरू लागलो आहे. मेव्हणे घाटाच्या प्रवासापुरते १०० ऑक्टेन भरतात, आणि त्यांच्या इंजिनासाठी ते मला योग्यच वाटते.