फ्लुटिकासोनचा पंप: दम्याला उत्तम, सीओपीडीला जपून

दम्यासाठी रोज घ्यायच्या पंपांमध्ये फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड आजही भरवशाचं. श्वासनलिकांची सूज उतरते, अटॅक कमी होतात. मात्र त्याचा असर दिसायला काही दिवस ते आठवडे लागतात, त्यामुळे धाप लागल्यावर लगेच आराम मिळेल म्हणून हा पंप ओढू नये. त्यासाठी वेगळा पंप असतो.

गोम अशी की, जी सूज आपल्याला नकोशी वाटते तीच जंतूंशी लढायलाही कामी येते. स्टेरॉइडमुळे फुप्फुसातल्या भक्षक पेशी जंतू गिळण्यात मंदावतात. विषाणूंना रोखणारं इंटरफेरॉनही कमी तयार होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, रुग्णांमध्ये याची किंमत मोजावी लागते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉर्च चाचणीत 6000 हून अधिक रुग्ण होते. 500 मायक्रोग्रॅम फ्लुटिकासोन दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांत 18.3 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, नुसतं प्लासिबो (औषध नसलेला पंप) घेणाऱ्यांत 12.3 टक्क्यांना. हा फरक किरकोळ नाही. म्हणूनच सीओपीडीत रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला 100 च्या खाली असतील किंवा न्यूमोनिया वारंवार होत असेल, तर हे औषध खरंच हवं का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. 300 च्या वर असतील तर फायद्याचं पारडं जड.

दम्यात मात्र न्यूमोनियाच्या धास्तीने पंप परस्पर बंद करणं जास्त धोक्याचं. डोस कमीत कमी ठेवणं हाच शहाणपणा, आणि तोही डॉक्टरांनी ठरवायचा.

वापरण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. स्पेसरशिवाय (पंपाला जोडायची पोकळ नळी) घेतलं तर बरंचसं औषध घशात बसतं. मग आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, एकच पफ दाबा, सावकाश ओढा, साधारण 10 सेकंद श्वास रोखा. दुसऱ्या पफआधी पुन्हा हलवायला विसरू नका. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले की औषधाचे कण एकमेकांना चिकटतात आणि आत कमी पोचतं. शेवटी चूळ भरून थुंका, गिळू नका.

स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

ताप, थुंकीचा रंग बदलणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही दिसलं तर पफ वाढवत बसू नका. छाती तपासून घ्या.